चेंबर गळतोय, मेस्त्री

"मेस्त्री, चेंबर गळतोय, पॅकिंग मारून द्या." गॅरेज टाकल्यापासून हे वाक्य मी ऐकत आलोय. गिऱ्हाईक रोगाचं नाव आणि औषध दोन्ही सोबत घेऊनच येतं. गाडी उभी राहते तिथं फरशीवर काळा डाग पडतो, घरचे कटकट करतात, शेजारचा कुणीतरी वाकून बघतो आणि सांगतो, चेंबरचं पॅकिंग गेलंय. त्या शेजाऱ्याला दोष देता येत नाही. खालून बघितलं की चेंबरच ऑइलनं माखलेला दिसतो. इंजिनाचा तो सगळ्यात खालचा भाग. वर कुठंही गळलं तरी थेंब शेवटी तिथंच येऊन लोंबतो. एवढ्या एका गोष्टीपायी किती लोकांचे पैसे वाया गेलेले मी बघितलेत, म्हणून हे लिहायला बसलो.

इंजिनाच्या तळाला पत्र्याचं नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचं जे भांडं असतं तो ऑइल चेंबर. छोट्या गाडीत त्यात तीन लिटरच्या आसपास ऑइल बसतं, मोठ्या डिझेल गाडीत पाच-सहा लिटर किंवा त्याहून जास्त. चेंबर आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्या मधे पॅकिंग, आणि कडेनं ओळीनं बारके बोल्ट. आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. चेंबरमधल्या ऑइलला प्रेशर नसतं. पंप ते जाळीतून ओढून वर पाठवतो, प्रेशर तिथं असतं. बेअरिंगांना, कॅमला वंगण देऊन झालं की ऑइल आपल्या वजनानं परत खाली येतं आणि चेंबरात पडून राहतं. म्हणजे इंजिनातल्या सगळ्या पॅकिंगांत सोपं काम याच पॅकिंगला आहे. हेड पॅकिंगसारखा त्याला जाळाचा आणि स्फोटाचा मार नाही. इतकं सोपं काम असलेलं पॅकिंग वरचेवर फुटत असेल, तर त्याला कुणीतरी फोडतंय असं समजावं. तो कोण, हे शोधणं म्हणजेच खरं काम. पॅकिंग बदलणं ही त्यातली शेवटची पायरी.

मी काम शिकलो ते कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. आजूबाजूला फाउंड्र्या, लेथ, मोल्डिंगची माती, आणि दिवसभर ठोकाठोक. गाड्या यायच्या त्या अ‍ॅम्बेसिडर, प्रीमियर पद्मिनी आणि जीप. चेंबरचं पॅकिंग तेव्हा कॉर्कचं असायचं. दुकानदार ते खिळ्याला अडकवून ठेवायचे. चैत्र-वैशाखाच्या झळांनी कॉर्क वाळायचं आणि आकसायचं. चेंबरवर ठेवलं की बोल्टची भोकं जुळायची नाहीत. नवी पोरं ते ओढून बसवायला जायची आणि कोपऱ्यात ते तुटायचं. माझे वस्ताद ते पॅकिंग बादलीभर पाण्यात सोडायचे आणि पोराला चहा आणायला पाठवायचे. चहा पिऊन होईस्तोवर कॉर्क पुन्हा मापाला आलेलं असायचं. मग ते पुसून, सुकवून, चेंबरच्या बाजूला शेलॅकचा पातळ हात द्यायचे. ब्लॉकच्या बाजूला काही नाही, फार तर ग्रीसचं बोट. पुढच्या वेळी खोलणाऱ्याला त्रास होऊ नये, हा त्यामागचा विचार. पुढच्या वेळी गाडी आपल्याकडं येईल की दुसऱ्या गॅरेजला जाईल, ते त्यांनी कधी बघितलं नाही.

वस्तादांनी मला पहिल्यांदा शिकवलं ते काय बदलायचं नाही हे. जुन्या १४८९ सीसीच्या अ‍ॅम्बेसिडरला क्रँकच्या मागच्या टोकाला आजच्यासारखं रबरी सीलच नव्हतं. शाफ्टवर आट्यांसारखी चर कापलेली असायची. इंजिन फिरत असताना ती चर बाहेर येऊ बघणारं ऑइल आत लोटायची. इंजिन बंद केलं की एखाद-दुसरा थेंब बाहेर पडायचा. ते गळणं इंजिनाच्या घडणीतच होतं. मालक लोक मात्र हट्ट धरायचे, चेंबर उतरवा म्हणायचे. वस्ताद सरळ सांगायचे, "अण्णा, एवढं राहणारच. आठवड्याला ऑइलची काठी बघा, उतरलं असेल तर घाला. तुमचे पैसे मी घेणार नाही." घरात लग्न होतं, पैशाची ओढ होती, त्या दिवसांतही त्यांनी असं काम परत पाठवलेलं मी बघितलंय. तेव्हा मला त्याचं नवल वाटायचं. स्वतःचं गॅरेज टाकल्यावर कळलं, की त्याच गिऱ्हाइकानं पुढं चार गाड्या त्यांच्याकडं आणल्या होत्या.

गळती शोधायची रीत सोपी आहे, फक्त तिला वेळ द्यावा लागतो. आधी इंजिन डिझेल आणि ब्रशनं वरपासून खालपर्यंत धुवायचं. जुन्या ऑइलवर धूळ बसून झालेला काळा थर खरवडून काढायचा. हवा मारून कोरडं करायचं. मग सांध्यांवर कॅरमची पावडर नाहीतर टाल्कम भुरभुरायची आणि जागेवरच अर्धा तास इंजिन चालू ठेवायचं. बॅटरी घ्यायची, लांब दांडीचा छोटा आरसा घ्यायचा आणि वरून खाली बघत यायचं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, कॅमचं सील, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टर, पुलीमागचं क्रँक सील, आणि सगळ्यात शेवटी चेंबर. पांढऱ्या पावडरीत ओली रेघ जिथून सुरू होते तिथं गळती. रेघ संपते तिथं बघून उपयोग नाही. बरेचजण संपलेल्या टोकालाच पाना लावतात.

धुवायला वेळ नसेल तर मी गिऱ्हाइकाला सांगतो, रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका, त्यावर पुढचं चाक कुठं आहे ते पेन्सिलीनं लिहा आणि सकाळी पुठ्ठा घेऊन या. पुठ्ठ्यावरच्या डागाची जागा आणि रंग बरंच सांगतात. काळं-तपकिरी असेल तर इंजिन ऑइल, लालसर असेल तर बहुधा पॉवर स्टीअरिंगचं, उग्र वास मारणारं घट्ट असेल तर गिअरचं. हिरवट किंवा गुलाबी पाणी म्हणजे कूलंट, नुसतं स्वच्छ पाणी म्हणजे एसीचं. एसीच्या पाण्याला घाबरून आलेले लोकही कमी नाहीत. त्यांना हात लावून दाखवतो आणि परत पाठवतो.

एक शिक्षिका बाई आल्या होत्या. सर्व्हिसिंग करून आठवडा झाला नव्हता आणि अंगणात ऑइलचं थारोळं. जिथं सर्व्हिसिंग झालं तिथं त्यांना सांगितलं गेलं, मॅडम, चेंबरचं पॅकिंग गेलंय, गाडी दोन दिवस ठेवा. आठवड्यापूर्वी कोरडा असलेला चेंबर ऑइल बदलल्याबरोबर गळायला लागतो, तेव्हा संशय आधी ज्याला हात लागला त्यावर घ्यायचा. हात लागला होता चेंबरच्या तळाशी ऑइल काढायच्या नटाला आणि फिल्टरला. फिल्टर खोलला तर ब्लॉकला जुन्या फिल्टरची रबरी रिंग चिकटून राहिलेली, आणि तिच्यावर नवा फिल्टर नव्या रिंगसकट बसवलेला. दोन रिंगा एकमेकींवर धड बसत नाहीत. प्रेशर आलं की वरची सरकते. जुनी रिंग काढली, जागा पुसली, नव्या रिंगला ऑइलचं बोट लावून फिल्टर हातानं आवळला. थारोळं बंद. असा फिल्टर रस्त्यात पूर्ण सुटला असता तर काही मिनिटांत सगळं ऑइल बाहेर गेलं असतं. बाईंना मी ती रिंग हातात दिली आणि सांगितलं, सर्व्हिसिंगच्या वेळी जुना फिल्टर बघायला मागत चला, त्याच्या तोंडाला रिंग आहे का बघा.

ज्या गाडीनं माझी काम करायची पद्धत बदलली ती भुदरगड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची जीपच्या जातीची डिझेल गाडी. वर्षाच्या आत तीन ठिकाणी तिच्या चेंबरचं पॅकिंग बदललेलं. प्रत्येकानं आधीच्याला नावं ठेवली, प्रत्येकानं आणखी जाड पॅकिंग टाकलं, आणखी आवळलं. माझ्याकडं आली तेव्हा मालक एवढंच म्हणाले, "मेस्त्री, आता तुम्ही काय ते बघा. बायको म्हणती, गाडी ईक."

मी इंजिन चालू ठेवून वरचं ऑइल भरायचं झाकण उघडलं आणि त्यावर तळहात धरला. आतून हवा हाताला ढकलत होती. निरोगी इंजिनात तिथं फारसं काही जाणवायला नको. सिलिंडरमधला थोडा गॅस रिंगांच्या बाजूनं खाली क्रँककेसमध्ये येतोच, तो बाहेर जायला ब्रीदरची नळी दिलेली असते. ती नळी तुंबली, की तो गॅस आत कोंडतो आणि जिथं कमजोर जागा मिळेल तिथून ऑइलसकट वाट काढतो. चेंबरचं पॅकिंग लांब असतं, बारक्या बोल्टांवर असतं, त्यामुळं पहिला घाला त्याच्यावर. इथं फक्त एकच प्रश्न उरला होता. नळी तुंबलीय, की रिंगा आणि बोअर इतके झिजलेत की गॅसच जास्त येतोय? पहिलं असेल तर काम तासाभराचं, दुसरं असेल तर इंजिन उघडावं लागणार.

नळी काढली. बोट आत जाईना. काळपट, लोण्याएवढा घट्ट गाळ. मालकांना विचारलं, गाडी रोज कुठं जाती? म्हणाले, सकाळी-संध्याकाळी दूध घालायला डेअरीपर्यंत, बाकी कुठं नाही. एवढ्याशा अंतरात इंजिन धड तापतच नाही. ज्वलनातून आलेली वाफ आतच थंड होऊन ऑइलात मिसळते, तापलेल्या इंजिनात ती उडून गेली असती. महिनोन् महिने असं चाललं की हा गाळ तयार होतो. नळी साफ केली, ऑइल आणि फिल्टर बदलला, पुन्हा तळहात धरला, हवेचा रेटा गेलेला. मगच चेंबर उतरवला, कारण आधीच्यांनी आवळून आवळून त्याची कड वाकवलेली होती. मालकांना सांगितलं, महिन्यातनं एक-दोनदा गाडी लांब काढा, जोतिबाला जावा, चांगली तापू द्या. त्या दिवसापासून झाकण उघडून तळहात धरल्याशिवाय मी चेंबरच्या कामाला हो म्हणत नाही.

आता प्रत्यक्ष काम. ऑइल काढायचं ते इंजिन कोमट असताना, म्हणजे गाळ ढवळलेला असतो आणि ऑइल पूर्ण उतरतं. काही गाड्यांना सायलेन्सरचा पुढचा पाइप सोडावा लागतो, काहींना क्लचखालचं पत्र्याचं कव्हर, काहींना तर इंजिन थोडं उचलून खालचा आडवा मेंबर मोकळा करावा लागतो. हे गाडी बघूनच ठरतं. बोल्ट निघाले तरी चेंबर सहसा सुटत नाही, चिकटून बसलेला असतो. इथं पोरांचा हात स्क्रू ड्रायव्हरकडं जातो. मी तो आधीच उचलून ठेवतो. स्क्रू ड्रायव्हर घालून पिळला की पत्र्याची कड वाकते आणि अ‍ॅल्युमिनियमला खाच पडते, आणि ती खाच मग जन्मभर गळते. तुटलेली हॅकसॉची पानं ग्राइंडरवर घासून मी पातळ सुऱ्या करून ठेवल्यात. त्यातली एक सांध्यात सरकवायची, लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकत कडेनं फिरवायची. चेंबर आपोआप मोकळा होतो.

चेंबर खाली आला की घाई करणाऱ्याची खरी परीक्षा. वरून, क्रँकवरून, ब्लॉकच्या भिंतींवरून ऑइल ठिबकतच राहतं. तासाभरानं बघितलं तरी थेंब, दोन तासांनी तरी थेंब. पुसलेल्या फेसवर, म्हणजे पॅकिंग बसतं त्या सपाट कडेवर, एक थेंब उतरला तरी सांधा भरायचं सिलिकॉन तिथं धरत नाही. म्हणून मी गाडी रात्रभर तशीच ठेवतो, खाली ट्रे लावून. सकाळी आलेली गाडी संध्याकाळी परत मागणाऱ्याला मी नाही म्हणतो. यावरून गिऱ्हाइकं गेलीही. सकाळी दिलेल्या चेंबरची गाडी संध्याकाळी हातात आली तर त्यातलं कुठलं तरी एक पाऊल गाळलेलं असतं, एवढं मी खात्रीनं सांगतो.

दुसऱ्या दिवशी साफसफाई, आणि या कामाचा जीव इथं आहे. ब्लॉकचा फेस वर, आपण खाली, डोळ्यांत पडणारी घाण. जुनं पॅकिंग खरवडायचं, पेट्रोल नाहीतर थिनरच्या फडक्यानं पुसायचं, फडकं काळं निघायचं थांबेपर्यंत. फडकं धुतलेल्या सुती साडीचं. कॉटन वेस्टचे धागे फेसवर राहतात. मग डोळे मिटून नख फिरवायचं. डोळ्याला न दिसलेला जुन्या पॅकिंगचा पापुद्रा नखाला अडतो. बोल्टच्या भोकांत हवा मारायची. आरपार नसलेल्या भोकात ऑइल साठलेलं असेल तर बोल्ट त्या ऑइलवरच टेकतो. हाताला वाटतं आवळला, आणि पॅकिंगवर दाब आलेलाच नसतो.

चेंबरची कड मी जाड काचेवर पालथी ठेवून बघतो. आधी कुणी जोर लावून आवळलेलं असेल तर प्रत्येक भोकाभोवती पत्रा वर खेचला गेलेला असतो, आणि दोन बोल्टांच्या मधे फट. फिलर गेजचं पातं त्या फटीतून सहज पलीकडं जातं. अशा चेंबरला कितीही चांगलं पॅकिंग टाका, बोल्टाजवळ ते चिरडणार आणि मधे मोकळं राहणार. सपाट लोखंडावर कड ठेवून, छोट्या हातोडीनं प्रत्येक भोक ठोकून खाली बसवायचं, परत काचेवर बघायचं. याला एक-दीड तास जातो. उद्यमनगरात शिकल्याचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो इथं. तिथं प्रत्येक माणूस सपाटी तपासल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

आवळताना मधल्या बोल्टांपासून सुरुवात, मग समोरासमोरचे, असं करत टोकांकडं, आणि तेही दोन-तीन फेऱ्यांत. बोल्ट असतात सहा मिलिमीटरचे, डोक्याला दहाचा पाना. कंपनीच्या पुस्तकात त्यांना साधारण दहा न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क दिलेला असतो, कॉर्कला त्याहून कमीच. टॉर्क पाना नसेल तर साधा पाना टोकाला न धरता मधे धरायचा आणि नुसतं मनगट वापरायचं. खांदा लावायचा नाही. गळतंय म्हणून आणखी आवळा, हा सल्ला मी जितक्यांकडून ऐकलाय, तितक्या चेंबरच्या कडा त्यापायी वाकलेल्या बघितल्यात. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये तर आटेच निघून येतात. मग हेलिकॉइल बसवा, म्हणजे शे-दोनशेच्या पॅकिंगचं काम हजारांत.

आजच्या बऱ्याच गाड्यांना पॅकिंगच नसतं, ट्यूबमधलं सिलिकॉन लावायचं असतं. ते आलं आणि काम सोपं झालं असं सगळ्यांना वाटलं. जयसिंगपूरकडनं एक गाडी टोचन करून आणली होती. महिन्याभरापूर्वी चेंबर सील केलेला, गळती पूर्ण बंद, मालक खूश. एक दिवस ऑइलचा लाल दिवा लागला आणि इंजिन ठोकायला लागलं. चेंबर उतरवला तर पंपाच्या जाळीला लाल सिलिकॉनच्या शेवया गुंडाळलेल्या. सिलिकॉन जेवढं बाहेर ओघळलेलं दिसतं तेवढंच आतही ओघळतं, आतलं दिसत नाही. ते सुटतं, ऑइलबरोबर फिरतं आणि जाळीवर जाऊन बसतं. बेअरिंगांना ऑइल मिळालं नाही. त्या माणसाला क्रँक घासून घ्यावा लागला. दोन-तीन मिलिमीटरची एकसारखी रेघ पुरते, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूनं वळवून नेलेली. लावल्यावर वरची कातडी धरायच्या आत चेंबर बसवायचा. आणि पक्कं व्हायला रात्र द्यायची. बहुतेक ट्यूबांवर चोवीस तास लिहिलेले असतात, ते वाचायला कुणाला सवड नसते. व्हिनेगारसारखा आंबट वास येणारं स्वस्तातलं सिलिकॉन मी इंजिनाला लावत नाही. त्याच्यातलं आम्ल धातूला आणि सेन्सरला बरं नसतं.

गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांचं आणखी वेगळं. पावसानं गगनबावड्याच्या किंवा फोंड्याच्या घाटात दगड येतात, खड्डे पाण्यानं भरलेले असतात. चेंबर दगडावर आदळतो. फुटला तर निदान कळतं. पोचा पडला आणि गळत नसेल तर लोक निश्चिंत होतात, आणि धोका तिथंच. आत पंपाची जाळी चेंबरच्या तळापासून थोडंसंच अंतर सोडून असते. पोच्यानं तळ वर आला की जाळीचं तोंड दाबलं जातं. काठीवर ऑइल पूर्ण दिसतं आणि वर प्रेशर नाही. एकाच वर्षी अशा दोन गाड्या आल्या. एकजण दिवा लागल्याबरोबर घाटातच कडेला थांबला, पावसात, बायका-मुलांसकट, आणि टेम्पोवर गाडी घालून आणली. त्याचा चेंबर ठोकून सरळ केला, जाळी साफ केली, दुसऱ्या दिवशी गेला. दुसऱ्यानं गाव जवळ आलंय म्हणून तशीच रेटली. गाव आलं, पण इंजिन धरलं. लाल दिवा लागल्यावर किती किलोमीटर चालेल, असं मला फोन करून विचारतात. एकही मीटर नाही, हेच उत्तर मी प्रत्येक वेळी देतो.

२०१९च्या ऑगस्टातला महापूर इथल्या कुठल्याच मेकॅनिकला विसरता येणार नाही. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता, शाहूपुरीत, व्हीनस कॉर्नरला पाणी. पूर ओसरल्यावर गाड्यांची रांग लागली. त्या दिवसांत मी चेंबरचा नट इतक्या वेळा खोलला की त्यातनं काय बाहेर पडणार ते आधीच ओळखता यायला लागलं. पाणी ऑइलपेक्षा जड. ते तळाला बसतं. नट सुटला की आधी गढूळ पाण्याची धार, मग मधे पांढरट, दुधाळ, आणि शेवटी काळं ऑइल. काठीला मात्र वरचंच ऑइल लागतं, त्यामुळं काठी बघून ठीक आहे म्हणणारे फसायचे. ज्यांनी स्टार्टर मारला नाही त्यांची इंजिनं वाचली. ज्यांनी "चालू होती का बघू" म्हणून मारला त्यांचे कनेक्टिंग रॉड वाकले, कारण सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असेल तर ते दाबलं जात नाही. ऑइल काढून नवं घातलं की झालं, असं कित्येक ठिकाणी केलं गेलं. मी चेंबर उतरवायचोच. तळाला नदीचा गाळ बोटभर साठलेला असायचा, तो नटाच्या भोकातून कधीच येत नाही. गावातल्या लोकांचं घरातलं सगळं गेलेलं, डोळ्यांत झोप नाही, अशा वेळी त्यांना गाडीला चार दिवस लागतील सांगणं अवघड होतं. तरी सांगितलं. २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांनी गाड्या आधीच उंचावर नेऊन लावल्या होत्या, आणि ज्यांच्या बुडाल्या त्यांनी चावीला हात लावला नव्हता.

शिकाऊ पोरांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो: नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही. दोन्ही बाजूंना घोडे, मागच्या चाकांना दगड, आणि गाडी हातानं हलवून बघायची, मगच आत. खड्डा असेल तर उत्तम. आमच्या धंद्यात या एका कंटाळ्यानं माणसं गेलीत. आणि हातमोजे. वस्तादांच्या हातांना रॉकेलनं धुऊन धुऊन भेगा पडल्या होत्या, म्हातारपणी त्यांना भाकरीचा तुकडा मोडताना त्रास व्हायचा. पोरं मोजे घालायला लाजतात, मी घातल्याशिवाय पाना देत नाही.

प्रत्येक ओला चेंबर उघडलाच पाहिजे असंही नाही. जुन्या गाडीला सांध्यावर नुसता ओलावा असेल, थेंब पडत नसेल, महिन्याभरात काठीवर फरक दिसत नसेल, तर मी हात लावत नाही. धुऊन देतो आणि लक्ष ठेवा म्हणतो. पण थेंब पडत असेल तर ते फक्त त्या मालकाच्या फरशीचं दुखणं राहत नाही. वळीव पडला की वर्षभर रस्त्यात मुरलेलं ऑइल वर येतं आणि दुचाकी घसरतात. रंकाळ्याकडच्या वळणावर पहिल्या पावसात पडलेली पोरं मी उचललीत. माझ्याकडच्या गाडीतून रस्त्यावर ऑइल पडू नये, एवढं तरी मला बघता येतं. काढलेलं जळकं ऑइलही तसंच. पूर्वी सेंट्रिंगवाले पत्र्यांना लावायला न्यायचे, बाकीचं गटारात जायचं. २०१६च्या सरकारी नियमांत हे ऑइल घातक कचऱ्यात धरलंय. ते आता बॅरलमध्ये जमतं आणि नोंदणी असलेल्या माणसालाच जातं.

बिलावर मी दोन ओळी वेगळ्या लिहितो. एक पॅकिंगची, दुसरी फेस साफ करून सपाट केल्याची. दुसरी ओळ पहिलीच्या कितीतरी पट असते, आणि लोक बोट तिथंच ठेवतात. मी त्यांना खड्ड्यात उतरवतो, आदल्या दिवशी मोबाइलवर काढलेले वाकलेल्या कडेचे फोटो दाखवतो, काचेवरची फट दाखवतो. कुणी पैसे देतात, कुणी घासाघीस करतात, कुणी परत येत नाहीत. जाताना सगळ्यांना सांगतो, पाचशे किलोमीटर झाल्यावर या, खालून बघून देतो, त्याचे पैसे नाहीत. कॉर्क तापून-थंडावून बसतं, बोल्ट किंचित ढिले पडतात, ते मनगटानं एकदा बघून घ्यावे लागतात. सिलिकॉनच्या बोल्टांना मात्र पुन्हा पाना लावायचा नसतो, नुसतं बघायचं. ते बघायला मी हेल्परला पाठवत नाही, स्वतः उतरतो.